भावाच्या संगणकाचा आवाज बदलू का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाची नजर गेली आहे. वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्याचे हिशोब तो घरी बसून लिहितो. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, पण त्याचा आवाज इतका कर्कश आणि भरधाव, की घरात कुणालाच एक शब्द कळत नाही. गणपतीला गेले तेव्हा मी त्याला एका बाईचा गोड, अगदी माणसासारखा आवाज लावून दिला. मी मुंबईला परतायच्या आत त्याने जुनाच आवाज लावला, वर माझ्यावर रागावला. आई म्हणते, त्या कटकटीने डोकं दुखेल पोराचं. काय करावं?

उत्तर : ताई, त्याचा आवाज आहे तसा राहू द्या. तुमची माया कळते, पण तो आवाज त्याच्या कामाचं हत्यार आहे. मीही दृष्टिहीन आहे, रत्नागिरीत एका पतसंस्थेत नोकरी करतो. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो ईस्पीक, म्हणजे एनव्हीडीएसोबत येणारा यंत्रासारखा आवाज असावा. माझ्याही कानात दिवसभर तोच असतो.

भाऊ काम करत असताना त्याच्याशेजारी बसा. एक्सेलमध्ये नावांच्या रकान्यात तो खालचा बाण दाबतो. त्याला हवेत राऊळ. ‘पर’ एवढं कानावर पडलं की हे परब, हे त्याला कळतं आणि बोट पुढच्या ओळीवर जातं. बाण दाबताक्षणी आधीचं बोलणं तुटून नवं सुरू व्हायला हवं. माणसासारखे बरेच आवाज नेमके इथे मागे पडतात. कळ दाबली की किंचित थांबतात, मग बोलू लागतात. पाहुण्याला ते जाणवणारही नाही, पण २०० नोंदी तपासताना जीव नकोसा होतो.

ईस्पीकमध्ये कुणा माणसाच्या बोलण्याचे तुकडे जोडलेले नसतात, त्याचे स्वर गणिताने घडवलेले असतात. म्हणून तो आकाराने लहान, लगेच उत्तर देणारा, आणि वेग कितीही वाढवला तरी अक्षरं एकमेकांत न मिसळणारा. जोनाथन डडिंग्टन यांनी त्याचं पहिलं रूप १९९५ मध्ये एकॉर्नच्या संगणकांसाठी केलं. पुढे २००६ मध्ये मायकेल करन यांनी एनव्हीडीए सुरू केलं, जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही ऑस्ट्रेलियातले, दोघेही अंध. त्यांनी ते फुकट दिलं, आणि सोबत ईस्पीकही. जॉज हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर विकत घेणं परवडत नव्हतं अशा आमच्यासारख्यांना त्यामुळे संगणक वापरता आला, हे मी कधी विसरणार नाही.

यंत्रासारखा आवाज आवडणारा तुमचा भाऊ एकटा नाही. एलोक्वेन्स नावाचा असाच जुना आवाज जॉजमुळे कित्येकांच्या कानात बसला, आणि २०२२ मध्ये ॲपलने तो आयफोनवरही आणला. माझ्या एका मित्राला इंग्रजीसाठी दुसरं काही चालतच नाही. पण एलोक्वेन्सला मराठी येत नाही, ईस्पीकला येते. उच्चार रुक्ष आहे, मान्य. मात्र तोच शब्द तो दर वेळी तसाच म्हणतो, त्यामुळे एखादी वेलांटी चुकली तरी कान टवकारतात. हिंदी आवाजाला मराठी वाचायला लावलं, की ‘चमचा’ आणि ‘जावई’ यांतले च-ज ऐकून मला कसंसंच होतं.

शिवाय आपलं कोकण. जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असतो तेव्हा मऊ आवाज त्यात बुडून जातो, ईस्पीकची धार मात्र ऐकू येते. आणि इंटरनेटवरून येणारा आवाज रेंज गेली की मुका होतो. महिनाअखेरीला, हिशोब अर्धा झालेला असताना, हे कसं परवडेल?

गोड आवाजांना मी नावं ठेवत नाही. मायक्रोसॉफ्टचे आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज फार सुरेख आहेत. एज ब्राउझरमध्ये लेख उघडून मोठ्याने वाचायला सांगितलं की ते वाचतात. रात्री जेवणं झाल्यावर दिवाळी अंकातली कथा मी आरोहीकडूनच ऐकतो, तीही सावकाश. भावाला हे सांगून बघा, त्याला आवडलं तर तो स्वतः लावील.

आईंना सांगा, नजर गेल्यावर सुरुवातीला सगळेच हळू ऐकतात, मग कान सरावतो आणि वेग आपसूक वाढत जातो. त्याला खरंच त्रास होत असेल, तर ईस्पीकमध्येच निरनिराळे प्रकार आहेत, ‘मॅक्स’ हा त्यांतला एक. स्वराची उंचीही कमी करता येते. एनव्हीडीएची कळ, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबलं की ही सगळी खिडकी उघडते, तो चाचपून बघेल. घरातल्यांना कटकट होत असेल तर त्याला एक चांगला इअरफोन घेऊन द्या. एकाच कानात घालायचा, म्हणजे आईंनी हाक मारली तर दुसऱ्या कानाने ऐकू येईल.