फोन आधी कर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वॉर्डातल्या आजोबांची वेळ आली असं वाटून रात्री दोनला त्यांच्या घरच्यांना बोलावून घेतलंस, ते धावत आले आणि सकाळी आजोबांनी डोळे उघडून पाणी मागितलं. त्यांचा मुलगा तुझ्यावर चिडला, ड्युटी डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सुनावलं. आता तू विचारतेस, पुढच्या वेळी खात्री होईपर्यंत थांबू का?

नाही. फोन आधी कर.

खात्री कोणाला असते गं? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकागोतल्या ३४३ डॉक्टरांना हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांत वेदना कमी ठेवणाऱ्या शुश्रूषेत जाणाऱ्या ४६८ रुग्णांबद्दल विचारलं होतं, हे किती दिवस काढतील? जेमतेम २० टक्के अंदाज बरोबर निघाले. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिवस सांगितले होते. डॉक्टर-रुग्णाची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. ते अंदाज आठवड्या-महिन्यांचे होते, शेवटच्या रात्रीचे नव्हेत, हे कबूल. पण आपला कल कुठे झुकतो ते कळतं. 'सकाळपर्यंत काढतील' असं आपल्याला वाटतं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं असतं.

मलाही तसंच वाटलं होतं. तीन रात्री न झोपलेल्या एका बाईंना मीच घरी पाठवलं. म्हटलं, "थोडं पडा, काही वाटलं तर फोन करते." एकच्या सुमारास त्यांच्या यजमानांचा श्वास बदलला. मला ते दिसलं, आणि तरी मी थांबले. बाई आत्ता कुठे झोपल्या असतील, सकाळी बघू. ते पावणेचारला गेले, फोन मी चारला केला. बाई आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणाले, "अचानक झालं."

ते खोटं आजही माझ्याजवळ आहे. म्हणून तुझ्यावर चिडलेल्या मुलाचं मला फारसं काही वाटत नाही. त्याची झोप गेली, बस. ती तो भरून काढेल.

खुणा मात्र नीट शिक. श्वास खोल होत जातो, मग उथळ, मग मध्येच थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. गुडघ्यांवर निळसर जाळी उठते, हातपाय गार पडतात, लघवी जवळजवळ बंद होते, श्वासागणिक जबडा हलू लागतो. एकटी खूण फसवते. दोन-तीन एकत्र दिसल्या की मॉनिटरकडे बघत बसू नकोस, फोन उचल.

आणि फोनवर 'पेशंट सीरियस आहे' म्हणू नकोस. हा शब्द त्यांनी पहिल्या दिवसापासून इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यात काही उरलेलं नसतं. सरळ सांग: "श्वास बदललाय. वेळ कमी आहे असं मला वाटतं. माझा अंदाज चुकूही शकतो. यायचं असेल तर आत्ता या, पण गाडी सावकाश चालवा." चुकू शकतो हे तू त्या रात्री म्हणाली होतीस का? पत्रात तसं दिसलं नाही. तुझी चूक असलीच तर तेवढीच.

ते आले की अलार्मचा आवाज बंद करायला सांग, कठडा खाली घे, सलाइन नसलेल्या हाताच्या बाजूला खुर्ची ठेव. घशातली घरघर ऐकून लोक हादरतात. साठलेला स्राव गिळायची ताकद उरलेली नाही, म्हणून तो आवाज येतो, बहुधा रुग्णाला त्याचा त्रास होत नसतो, हे घरच्यांनी विचारायची वाट न बघता सांग. कुशीवर वळवून बघ. पुन्हा पुन्हा सक्शनची नळी घालून छळू नकोस. घरच्यांना रुग्णाशी बोलायलाही सांग. व्हँकूव्हरच्या संशोधकांना हॉस्पिसमधल्या प्रतिसाद न देणाऱ्या काही रुग्णांच्या मेंदूत आवाजाची नोंद होताना दिसली, २०२० साली ते छापून आलं. अर्थ कळतो का, ते त्यावरून ठरत नाही. पण ऐकू जातच नाही असं म्हणायला आपण कोण?

काही जण येणार नाहीत. त्यांना दोष देऊ नकोस. काही रात्रभर बसतात आणि नेमके पाच मिनिटं बाहेर गेले असताना माणूस जातो. असं पुष्कळदा होतं, हे त्यांना सांग, नाहीतर ती पाच मिनिटं ते जन्मभर मोजतील.

त्या बाईंनंतर एका कुटुंबाला मी चार वेळा बोलावलं. चौथ्या खेपेला माझी लेखी तक्रार झाली. वॉर्डात मला 'घाबरट' म्हणायचे, अजून म्हणत असतील. पाचव्यांदाही मी फोन केला. हा हट्ट रुग्णासाठी की माझ्या त्या एका रात्रीसाठी, असं तू विचारशील. खरं सांगू? दोन्हीसाठी. त्याने फोन चुकीचा ठरत नाही.

आजोबा अजून वॉर्डातच आहेत असं लिहिलंस. मग त्या मुलाला उद्या दिवसाउजेडी गाठ. रात्रीबद्दल खुलासे देत बसू नकोस. एवढंच विचार: पुन्हा असं वाटलं तर फोन करू ना? कोणाला? कितीही वाजले असले तरी? जे म्हणेल ते फाइलच्या पहिल्या पानावर लिही, नंबरासकट. 'नको' म्हणाला तर तेही लिही, वेळ घालून.

तुझी,
ताई