नर्स कोअर स्कॉलरशिप : एचआरच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड आहे, बीएसएनला (नर्सिंगच्या पदवीला) प्रवेश मिळालाय, नर्स कोअरची स्कॉलरशिप (अमेरिकी सरकार शिक्षणाचा खर्च देतं, बदल्यात नर्सेसची टंचाई असलेल्या मान्य जागी नोकरी करायची) घेतली तर सेवेची दोन वर्षं घराजवळच्या हॉस्पिटलात काढता येतील, कारण 'त्यांचा एचआर हो म्हणतोय'. इथेच मी अडखळले. फाफ्सा (शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज), निबंध, शिफारसपत्रं हे तुम्ही कराल. मी त्या 'हो'बद्दलच बोलते.

मलाही एका मोठ्या हॉस्पिटल समूहाच्या एचआरने असाच बिनदिक्कत हो दिला होता. मुख्य हॉस्पिटल मान्य जागांच्या यादीत होतंच. नेमणूक मात्र मिळाली गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्याच ओपीडी क्लिनिकमध्ये. पाटी तीच, पगार देणारे तेच, पण त्या पत्त्याला मान्यता नव्हती आणि तिथलं काम सेवेत धरलं गेलं नाही. विचारायला गेलं की एचआर म्हणणार मॅनेजरला विचारा, मॅनेजर म्हणणार एचआरला. बदलीच्या कागदावर सही व्हायला अख्खा हिवाळा गेला. सही करायला किती वेळ लागतो हो? असो.

तर, मान्यता समूहाला नसते, त्या-त्या जागेला असते. एचआरएसएच्या (ही योजना चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) हेल्थ वर्कफोर्स कनेक्टर या वेबसाइटवर नेमका पत्ता शोधा, आणि ऑफर लेटरमध्ये तोच पत्ता आणि आठवड्याचे तास लिहून घ्या. पूर्णवेळ म्हणजे किमान ३२ तास. एजन्सीमार्फतची किंवा बोलावलं तर जायची नोकरी यात धरू नका. आणि नोकरी आपली आपणच शोधायची असते, कोणी आणून देत नाही.

मी वकील नाही, नियमांत दरवर्षी थोडंफार इकडेतिकडे होतं, तेव्हा चालू वर्षाची मार्गदर्शिका स्वतः वाचा. करार मोडल्यास काय, ते पान तर दोनदा वाचा : मिळालेली सगळी रक्कम व्याजासकट ३ वर्षांत परत करावी लागते. दरमहा मिळणाऱ्या स्टायपेंडवर कर लागतो, तो आधीच बाजूला काढत जा.

माझं मत विचाराल तर, नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा यामुळे एकाच गावात राहणं भाग असेल तर ही स्कॉलरशिप घेऊ नका. कर्ज काढा, मान्य जागी नोकरीला लागा आणि मग नर्स कोअरच्याच कर्जफेड योजनेत अर्ज करा. दोन वर्षांच्या सेवेवर शिल्लक नर्सिंग कर्जाच्या ६० टक्के रक्कम मिळते, तिसरं वर्ष मंजूर झालं तर आणखी २५ टक्के. निवड होईलच असं नाही, पण नाही झाली तर डोक्यावर फक्त कर्ज राहतं, सरकारचा करार नाही. काहींना हे पटणार नाही.

हलायची तयारी असेल तर मात्र जरूर घ्या. अशा वेळी ग्रामीण भागातली क्रिटिकल अ‍ॅक्सेस हॉस्पिटलंही (सरकारने असा दर्जा दिलेली छोटी हॉस्पिटलं) बघा. खाटा २५ पर्यंतच, त्यामुळे एकाच पाळीत इमर्जन्सीपासून वॉर्डपर्यंत सगळीकडे हात लावावा लागतो. मुलाखतीत रात्री ड्यूटीवर किती नर्स असतात, हे नक्की विचारा.