आठ महिन्यांसाठी जर्मनीला निघालेल्या सोलापूरकरासाठी

तुम्ही लिहिलंय की कंपनी नोव्हेंबरपासून आठ महिने श्टुटगार्टजवळ पाठवतेय आणि एकटेच जाताय. सोबत काय न्यायचं, कामाची पद्धत कशी असते आणि शनिवार-रविवारी जास्तीत जास्त देश कसे बघून होतील, हे तुमचे तीन प्रश्न. मी त्याच भागात, रॉयटलिंगनला, ऑक्टोबर २०२३ पासून अकरा महिने राहून सोलापूरला परत आलो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कदाचित आवडणार नाही, पण मनापासून सांगतो: पहिले दोन महिने देश मोजू नका.

मी मोजले होते. शुक्रवारी रात्री बस धरायची. आधी पॅरिस, पुढच्या आठवड्यात प्राग, मग अ‍ॅमस्टरडॅम. सोमवारी डोळे उघडत नसत. आज प्राग म्हटलं की पुलावरची थंडी तेवढी आठवते, बाकीच्यासाठी मोबाइलमधले फोटो उघडून बघावे लागतात. आणि राहत्या गावात मात्र दूध कुठं मिळतं यापलीकडे काही माहीत नव्हतं. डिसेंबरात तिथं साडेचारलाच दिवस मावळतो. अशा वेळी गावात नावानं हाक मारणारं कुणी नसलं की आठवडा संपता संपत नाही.

आधी कागदपत्रं उरका. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. पुढं टॅक्स नंबर पोस्टानं येतो. माझं तिथंच अडलं, कारण पत्रपेटीवर माझं आडनावच नव्हतं. तिथं पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. पहिल्याच दिवशी नावाची पट्टी चिकटवून टाका.

खाण्याचं म्हणाल तर शेंगा चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त न्या. आईनं तूप, पेढे बांधून दिले तर मात्र समजावून सांगा. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. कुकर न्यायचा तर बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते बघा. शेगडी इंडक्शनची निघाली तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. वीज २३० व्होल्टचीच आहे, पण आपली जाड पिन तिथल्या सॉकेटात बसत नाही, म्हणून अडॅप्टर इथूनच घ्या. नेहमीची औषधं चिठ्ठीसकट न्या, अँटिबायोटिक तिथं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

कडक भाकरी किती कामाची ते मला पहिल्याच रविवारी कळलं. मी शनिवारी रात्री उशिरा पोचलो होतो. सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलो तर सगळी दुकानं बंद. रविवारी तिथं असंच असतं. घरी येऊन भाकरी ताटात मोडली, वर गरम पाणी शिंपडलं, चटणी आणि थोडं तेल घेतलं. भाकरी मोडतानाचा तो आवाज त्या शांत घरात केवढा तरी मोठा वाटला. खाता खाता डोळ्यांत पाणी आलं होतं, हेही सांगून टाकतो.

त्या शांततेला वैतागू नका. रविवारी ड्रिल नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्याही कचऱ्याच्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या या भागात, आणखी एक रीत आहे, 'केऱवोखं'. दारावर पाटी अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात जिना आणि समोरची वाट झाडायची पाळी तुमची. मी पहिली पाळी घाईघाईत उरकली. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई काही न बोलता आल्या, झाडू घेतला आणि कठड्याच्या कोपऱ्यातली माती कशी काढायची ते करून दाखवलं. पुढच्या वेळी मी त्यांना एक सोलापुरी चादर दिली. त्यांनी आधी ती उलटी करून मागची बाजू बघितली, मग काठावरून अंगठा फिरवत नेला. तरुणपणी त्या तिथल्याच कापड गिरणीत होत्या. त्या दिवसापासून रविवारी दुपारी कॉफीला बोलावणं सुरू झालं. माझं मोडकंतोडकं जर्मन त्या टेबलाशी सुधारलं, क्लासात नाही. म्हणून म्हणतो, जाताना दोन चादरी जास्तीच्या न्या.

कामाबद्दल थोडक्यात. कायद्यानं दिवसाला आठ तास, फार तर दहा, आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत अकरा तासांची विश्रांती. उशिरापर्यंत बसलं म्हणून कुणी कौतुक करत नाही, उलट काम झेपत नाहीये का असं विचारतात. मीटिंग नऊची असेल तर नऊलाच सुरू होते. वाढदिवस ज्याचा, केक त्यानंच आणायचा. दुपारी जेवणाच्या वेळी कुणी 'मालत्साइट' (जेवणवेळचा नमस्कार) म्हणालं तर आपणही तेच म्हणायचं.

फिरायला 'डॉइचलांडटिकेट' हा महिन्याचा पास घ्या. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. त्यात देशभरातल्या लोकल-रिजनल गाड्या, बस, ट्राम चालतात, आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी चालत नाही. महिनाअखेर बंद करायचं तर १० तारखेच्या आत कळवावं लागतं. शनिवारी उल्मला जा. तिथल्या चर्चचा मनोरा १६१.५ मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याशी शनिवारी भाजीबाजार भरतो. मला मनोऱ्याइतकाच तो बाजार आवडला. ट्युबिंगन उन्हाळ्यात, नेकार नदीतल्या होड्या सुरू झाल्यावर. फ्रान्स बघायचाच तर याच तिकिटावर सीमेवरच्या केल गावापर्यंत जा, तिथून ऱ्हाइन नदी ओलांडून ट्राम थेट स्ट्रासबुर्गला जाते. तिचं तिकीट वेगळं काढा आणि पासपोर्ट खिशात ठेवा. परतीला शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची धरा. पॅरिस-रोम एप्रिल-मेमध्ये, जोडून सुट्ट्या काढून निवांत करा.

घरच्या फोनची वेळ आधीच ठरवून घ्या. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर साडेतीन. तुम्ही संध्याकाळी सहाला घरी याल तेव्हा इथं साडेदहा झालेले असतात आणि आईचा डोळा लागलेला असतो. मी जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला फोन करायचो. इथं पाच वाजलेले, आई चहा घेत बसलेली. यंदाचा गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, तुमचा चुकेल. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी घरच्यांना व्हिडिओ कॉल लावायला सांगून ठेवा आणि त्या दिवशी जमलं तर अर्धी सुट्टी टाका.

जाडजूड जाकीट इथून घेऊ नका, तिथंच घ्या. घर कुठल्या गावात मिळतंय ते कळवा. रॉयटलिंगन-ट्युबिंगनच्या बाजूला असेल तर डाळ-तांदळाचं दुकान कुठं आहे ते सांगतो.