उचलून आणतं कोण?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली अवघडलेल्या मुलांचे तू पाठवलेले केस पेपर वाचले. मुलांची नोंद चोख आहे: स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः पायांचे स्नायू ताठर), जीएमएफसीएस लेव्हल 3 (वॉकरसारखा आधार धरून चालणारं मूल), वेळेआधी जन्म, पेटीत ठेवलेलं, झटक्यांची गोळी चालू. घराबद्दल मात्र एवढंच, 'आई गृहिणी, वडील नोकरी.' तेवढ्यावर व्यायाम लिहून देऊ नकोस.

ठाण्याजवळच्या दिव्याहून कळव्याला थेरपीसाठी येणारी आई सात वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन चाळीचे जिने उतरते, गर्दीची लोकल पकडते. मुलाचं वजन वाढत जातं. हाडं वाढतात त्या वेगाने ताठर स्नायू वाढत नाहीत, म्हणून अंग आणखी आखडतं. शेवटी तिची पाठ धरते आणि थेरपी सुटते. मग पेपरवर शेरा येतो, 'पालक अनियमित'. तो शेरा मला सहन होत नाही. तिला विचार, मुलाला उचलतं कोण? रात्री झोप होते का? आणि थोरली मुलगी शाळेत जाते ना, की धाकट्याला सांभाळायला घरी राहते?

सासूबाई बरोबर असतील तर त्यांनाही आत बोलाव. 'ग्रहण पाळलं नाहीस' हे कित्येक सुनांना अजून ऐकावं लागतं. मेंदूला इजा जन्माआधी, जन्मताना किंवा पहिल्या काही वर्षांत होते. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जास्त कावीळ, मेंदूज्वर अशी कारणं असतात आणि पुष्कळदा नेमकं कारण सापडतच नाही. हे सगळ्यांसमोर सांग. एकट्या आईला सांगून घरातला दोष तिच्यावरून उतरत नाही.

दहा बाय दहाच्या खोलीत स्टँडिंग फ्रेम (मुलाला उभं धरून ठेवणारी चौकट) मावत नाही. पण आई भाकऱ्या करत असताना मूल कोपऱ्यात दोन भिंतींच्या आधाराने बसू शकतं. पायांची कात्री होत असेल, म्हणजे पाय एकमेकांवर चढत असतील, तर कडेवर घेताना दोन्ही पाय फाकवून घ्यायला शिकव; जाता-येता आखडलेले स्नायू तेवढेच ताणले जातात. न चालणाऱ्या मुलांच्या खुब्याचा एक्स-रे मात्र दुखेपर्यंत लांबवू नकोस.

सेरेब्रल पाल्सी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा निरामय आरोग्य विमा, नवी मुंबईकरांसाठी वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र (दिव्यांगांचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र), हे तोंडी सांगून सोडू नकोस. फॉर्म भरताना शेजारी बस. कागद अपुरे म्हणून वडिलांना परत पाठवलं, तर त्यांचा आणखी एक रोज बुडतो आणि पुढच्या वेळी ते येतीलच असं नाही.

तुझी,
ताई