मोठा पट्टा आधी घे

प्रिय डॉक्टर,

दवाखान्याचे फोटो पाहिले. टेबल, वजनकाटा, औषधांचं कपाट, सगळं झकास लावलं आहेस. बीपीच्या यंत्राला मात्र दंडाला गुंडाळायचा एकच पट्टा दिसला, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

तो साधा पट्टा साधारण 27 ते 34 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड 38 चा निघाला की तो जेमतेम टोकाला टोक लागेल इतकाच पुरतो. हवा भरताना वेल्क्रो चर्रकन सुटतं, मग आपण तळहाताने दाबून धरतो आणि दिसेल तो आकडा केसपेपरवर लिहून टाकतो. तो आकडा खोटा असतो, आणि नेहमी वरच्या बाजूला खोटा. अमेरिकेत बाल्टिमोरला झालेली एक चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो, त्यांचं वरचं बीपी साध्या पट्ट्याने सरासरी जवळजवळ 20 ने जास्त आलं. म्हणजे 128 चा माणूस 148 चा ठरला आणि गोळी चालू झाली! हे दुखणं यंत्राइतकंच जुनं आहे. 1896 मध्ये इटलीच्या डॉ. रिव्हा-रोचीने पट्टा बनवला तो इतका अरुंद होता, की पुढे जर्मनीच्या डॉ. रेक्लिंगहाउजेनला तो रुंद करावा लागला.

तेव्हा शिंप्याची मोजपट्टी ड्रॉवरमध्ये ठेव. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंड मोज, मग पट्टा निवड. बायकांच्या ब्लाऊजची घट्ट बाही वर सरकवू नकोस, ती दंडाला आवळून बसते. आणि पेशंट जिना चढून आल्या आल्या पट्टा गुंडाळायचा नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, गप्पा न मारता बसू दे. मिश्री-तंबाखू, चहा अर्ध्या तासात झालाय का, तेही विचार.

त्याच पट्टीने कंबर मोज. आपल्याकडे पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. नुसत्या बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या आकड्यावर, जाऊ नकोस. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा 2004 सालचा जोडफोटो आठवतो? दोघांचाही बीएमआय 22.3, पण चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. अंगाने किरकोळ आणि पोट तेवढं पुढे, असा माणूस तुझ्याकडे रोज येईल.

आता पट्टा बदलला तरी बऱ्याच जाड पेशंटचं बीपी खरंच वाढलेलं निघेल. पोटातली चरबी किडनीभोवती साचून तिला दाबते, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिंपथेटिक नसा चेकाळतात, अंगात मीठ-पाणी धरून ठेवणारी रेनिन-अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांची साखळी जोरात चालते. शेवटी किडनी मीठ बाहेर टाकायला कुचराई करते. म्हणून या माणसांना मिठाचं सांगणं जास्त गरजेचं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. ‘वरून मीठ घेतच नाही हो’ म्हणणाऱ्याच्या ताटात लोणचं, पापड आणि ठेचा असतो.

दोन प्रश्न कधीही गाळू नकोस. पहिला बरोबर आलेल्या माणसाला: रात्री घोरतात का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का? झोपेत श्वास अडत असेल तर बीपी तीन-तीन गोळ्यांनाही दाद देत नाही. दुसरा प्रश्न गुडघ्यांचा. वजनाने गुडघे दुखतात, मग मेडिकलमधून ‘ती लाल गोळी’ आणून रोज खाल्ली जाते. नाव विचारलं तर सांगता येत नाही, पाकीट आणायला लाव. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाने बीपी चढतं आणि तुझ्या बीपीच्या गोळीचा असरही कमी होतो. मला तर वाटतं, दुसरी गोळी लिहिण्याआधी ते पाकीट पाहिलंच पाहिजे.

आणि ‘वजन कमी करा’ एवढंच म्हणून माणसाला दाराबाहेर काढू नकोस. ते त्याला सासूपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलेलं असतं. आकडा दे. सरासरीने एक किलो उतरलं की वरचं बीपी एखाद्या अंकाने उतरतं, तर पाच किलोंपासून सुरुवात करा म्हण. खाणं काय बदलायचं हे जो स्वयंपाक करतो त्याच्यासमोर सांग, नाहीतर ते घरी पोचतच नाही.

वजन खरोखर उतरू लागलं की उभं करूनही बीपी बघ. उठल्यावर गरगरतं अशी तक्रार आली तर गोळीचा डोस कमी करायची वेळ झाली असेल. दंडही पुन्हा मोज, कारण तो बारीक झालेला असतो, आणि बारीक दंडाला मोठा पट्टा लावलास तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

तुझा,
सर