चित्रकार पॉल क्ले यांचे ‘किलबिलणारे यंत्र’ हे रेखाचित्र मानावे की रंगचित्र?

माझ्या मते ते आधी रेखाचित्र आहे. १९२२ साली, जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत शिकवत असताना, क्ले यांनी काळा तैलरंग फासलेला कागद कोऱ्या कागदावर पालथा ठेवला, त्यावर मूळ रेखाटन ठेवून त्याच्या रेषा टोकदार साधनाने गिरवल्या आणि खाली उमटलेल्या रेषांवर जलरंगाचे निळे-गुलाबी थर चढवले. कार्बन पेपर वापरलेल्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल. दाबामुळे पडलेले काळे डाग त्यांनी तसेच राहू दिले, आणि चित्रातील दांड्याला जोडलेल्या तारेवरील चार पक्ष्यांभोवतीची अस्वस्थता मला तरी त्या डागांतूनच आलेली वाटते. नाझींनी ‘अधःपतित’ ठरवलेली ही कलाकृती १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने विकत घेतली.