कृषी सल्ला : ‘लिथिक उस्टॉर्थेंट’ म्हणजे आमची वरकसच का?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

या पंधरवड्यात जमिनीच्या प्रकाराबद्दल तीन प्रश्न आले. तिघांच्या जमिनी वेगळ्या, पण गुंता एकच. म्हणून उत्तर एकत्र देतो.

पहिला प्रश्न मुरबाड तालुक्यातून, टोकावड्याकडून आला आहे. ‘गावात पाणलोटाचं काम झालं तेव्हा मातीचं सर्वेक्षण झालं होतं. अहवालात आमच्या गटापुढे लोमी-स्केलेटल, मिक्स्ड, आयसोहायपरथर्मिक, लिथिक उस्टॉर्थेंट्स असं लिहिलं आहे. सातबाऱ्यावर वरकस आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत सगळं मध्यम ते चांगलं आहे. यातलं खरं काय धरायचं? आंब्याची कलमं लावू का?’

दुसरा शहापूरच्या किन्हवली भागातला. ‘आमचं खाचर काळं, शेजाऱ्याचंही काळंच. पाऊस दोघांना सारखा. त्याचा वाल फेब्रुवारीपर्यंत हिरवा असतो, आमचा डिसेंबर संपता संपता माना टाकतो. असं का?’

तिसरा भिवंडीतल्या खारबावच्या खाडीकाठचा. ‘पत्रिकेत क्षारता सामान्य आली, तरी भाताचे शेंडे करपतात. जिप्सम टाकू का?’

टोकावड्याच्या दादांपासून सुरुवात करतो, कारण त्यांच्या एका ओळीत सगळं शास्त्र आलं आहे.

आधी हे लक्षात घ्या की तुमच्या तीन कागदांत भांडण नाही. तिन्ही कागद वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. ‘वरकस’ हा महसुली शब्द आहे. भाताच्या राबासाठी (रोपांची जागा भाजायला लागणाऱ्या पालापाचोळ्यासाठी) किंवा नाचणी-वरीसाठी वापरायची डोंगरउताराची जमीन, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून जमिनीचा वापर कळतो, खाली काय आहे ते कळत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी माती साधारण वरच्या १५ सेंटिमीटरमधून घेतात. शिवाय योजनेच्या पद्धतीप्रमाणे जिरायती भागात १० हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेतला जातो. आपल्या मुरबाडात १० हेक्टरांत डोंगराचा उतार, त्याखालची पट्टी आणि ओहोळाकाठचं खाचर अशा तीन तऱ्हेच्या जमिनी सहज येतात. पत्रिका खत किती द्यायचं ते सांगते आणि त्यासाठी ती चांगली आहे. पण झाडाची मुळं किती खोल जातील, हे १५ सेंटिमीटरच्या मातीला विचारून कळणार नाही.

सर्वेक्षणातली ओळ मात्र खड्डा खणून लिहिलेली असते. ती उजवीकडून डावीकडे वाचू.

‘उस्टॉर्थेंट’मधलं शेवटचं ‘एंट’ म्हणजे एंटिसॉल, म्हणजे जिच्यात अजून स्वतःचे थर नीट तयार झालेले नाहीत अशी कोवळी माती. उतारावर दर पावसाळ्यात वरची माती धुऊन जाते. थर जमायला तिला उसंतच मिळत नाही. मधला ‘उस्ट’ हा हवामानाचा शब्द आहे, त्याच्याकडे पुढे येतो. ‘लिथिक’ म्हणजे जमिनीखाली ५० सेंटिमीटरच्या आत सलग कठीण कातळ. ‘आयसोहायपरथर्मिक’ हे तापमान. ५० सेंटिमीटर खोलीवर मातीचं वर्षाचं सरासरी तापमान २२ अंशांच्या वर, आणि जून-जुलै-ऑगस्टची सरासरी व डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीची सरासरी यांत ६ अंशांपेक्षा कमी फरक. आपल्याकडे मे तापतो, पण जूनमध्ये पाऊस जमीन थंड करतो, म्हणून हा फरक थोडाच राहतो. ठाणे जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक मातीच्या नावात हा शब्द सापडेल, त्यामुळे त्याची चिंता करू नका. ‘मिक्स्ड’ म्हणजे खनिजं मिश्र, कुठल्याही एकाचं वर्चस्व नाही. ‘लोमी-स्केलेटल’ म्हणजे पोत दुमट, पण आकारमानाने ३५ टक्के किंवा त्याहून जास्त दगडगोटे.

थोडक्यात, तुमची माती उथळ आणि दगडाळ आहे, आणि खाली कातळ आहे.

आता ‘उस्ट’. हा शब्द आला की शेतकरी हमखास विचारतात, ‘साहेब, आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग कोरडेपणाचा शब्द आमच्या जमिनीला का लावला?’ प्रश्न रास्त आहे. वर्गीकरणात पावसाची बेरीज मोजत नाहीत, माती ओली राहिल्याचे दिवस मोजतात. मातीचा ठरावीक पट्टा धरतात. चिकण मातीत तो साधारण १० ते ३० सेंटिमीटर असतो, रेताड मातीत ३० ते ९०. त्या पट्ट्याचा काही भाग तरी वर्षातले एकूण ९० किंवा त्याहून जास्त दिवस इतका सुकतो की पिकाला पाणी ओढता येत नाही, आणि तरीही सलग ९० दिवसांहून जास्त काळ ओल टिकते, अशा जमिनीला ‘उस्टिक’ म्हणतात. आपला पाऊस जून ते सप्टेंबर कोसळतो आणि ऑक्टोबरात हात आखडतो. जुलैत एका दिवसात २०० मिलिमीटर पडला, तरी जमीन आपल्या पोटात मावेल तेवढाच ठेवते. बाकीचा काळू नदीतून खाडीला जातो.

हे पोट किती मोठं, याचा अंदाज तुम्हालाही काढता येईल. दगड नसलेल्या दुमट-चिकण मातीत दर १० सेंटिमीटर खोलीला पिकाला मिळेल असं पाणी साधारण १५ मिलिमीटर राहतं. तुमच्या जमिनीची खोली ३५ सेंटिमीटर धरू आणि त्यात ४० टक्के दगड. खरी माती उरली २१ सेंटिमीटर, पाणी ३० मिलिमीटरच्या आसपास. पाऊस थांबल्यावर दिवसाला ४ मिलिमीटर उडालं, तर आठवडाभरात जमीन रिकामी. पाऊस कितीही पडो, त्या जमिनीचं उत्तर बदलत नाही.

मग आंबा? नाव वाचून लगेच नाही म्हणणार नाही, कारण इथे एक बारकावा आहे. मागच्या डिसेंबरात त्याच भागात एका शेतावर खड्डा घ्यायला गेलो होतो. माती गडद होती आणि मालकांना खात्री होती की जमीन भारी आहे. ३५ सेंटिमीटरवर कुदळ अडली. गडी म्हणाला, लागला दगड. पहार घातली तर पहिल्या दोन घावांत खणखण आवाज आला, मग बोदा आवाज, आणि पिवळट, भुगा होणारा मुरूम वर आला. त्याच्या भेगांतून ऐनाच्या झाडाची सुतळीएवढी मुळं सरळ खाली गेली होती. बांधावरचा ऐन त्यांना रोज हेच सांगत होता, पण तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. असा मुरूम म्हणजे कातळ नव्हे आणि ती जमीन ‘लिथिक’ धरत नाहीत. तिथून वीस पावलांवर दुसरा खड्डा घेतला, तिथे मात्र पहार उसळून परत आली. एकाच गटात दोन जमिनी.

म्हणून कलमांची ऑर्डर देण्याआधी गटात तीन-चार जागी पहार मारून पाहा. मुरूम फुटत असेल तर एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे घ्या, चांगली माती बाहेरून आणून भरा, कलमं लावा. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी आणि बुंध्याशी गवताचं आच्छादन हवंच. सलग कातळ असेल तर सुरुंग लावून खड्डे करू नका, ही कळकळीची विनंती. तो खड्डा दगडी कुंडी होतो. पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजतात, उन्हाळ्यात तीच मुळं होरपळतात. शंका असेल तर खड्ड्यात पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसंच दिसलं तर तिथे आंबा नको. त्या तुकड्यावर गवत, बांबू, जिथे माती थोडी जास्त आहे तिथे काजू, आणि उताराला आडवे दगडी बांध घाला. नाचणी-वरी तर तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

आणखी एक. रत्नागिरीच्या बागायतदारांचं ऐकून ‘कोकण म्हणजे जांभा’ असं समजून खतपाणी ठरवू नका. राज्याच्या कृषी-हवामान विभागांत रत्नागिरी-सिंधुदुर्ग जांभ्याच्या विभागात येतात. आपण उत्तर कोकणात, अतिपावसाच्या पण जांभा नसलेल्या विभागात येतो. आपली माती मुख्यतः काळ्या बेसाल्टची. त्याच खडकाचं हवामान बदललं की काय होतं, हे पाहायचं असेल तर माळशेज ओलांडून जुन्नरच्या पूर्व भागात जा. तिथल्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, कारण ते धुऊन न्यायला पाऊस पुरत नाही. आपल्याकडे तो चुना पावसाने केव्हाच वाहून नेला.

आता किन्हवलीच्या ताई. तुमच्या प्रश्नात ‘काळं’ हा शब्द दोनदा आला आहे आणि घोटाळा तिथेच आहे. रंगावरून खोली कळत नाही. भात निघाल्यावर, जमीन वाफशावर असताना, नोव्हेंबरअखेरीस खाचराच्या मधोमध एक मीटर खोल खड्डा घ्या. उन्हाकडची बाजू सुरीने खरवडून सरळ करा आणि वरून खाली सुरी टोचत जा. साधारण एक वीत खाली सुरी अडखळेल. तो दरवर्षीच्या चिखलणीने दबलेला थर. त्याच्या आसपास करड्या मातीत मुळांच्या वाटेने गंजासारख्या तांबूस रेषा दिसतील. पाणी उभं राहतं तेव्हा मातीतलं लोह विरघळतं, आणि मुळांच्या वाटेने हवा शिरली की तिथेच गंजतं. त्या रेषा जिथपर्यंत आहेत, तिथपर्यंत पावसाळ्यात तुमची जमीन बुडालेली असते.

त्याच्या खाली जा. ६०-७० सेंटिमीटरवर ढेकूळ फोडलं आणि त्याच्या बाजू एकमेकींवर घासून चकचकीत झालेल्या दिसल्या, तर ती माती फुगते आणि आकसते. मार्च-एप्रिलमध्ये तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतील. चिकण माती ३० टक्क्यांच्या वर, अशा घासलेल्या बाजूंचा थर आणि दरसालच्या भेगा, या तिन्ही गोष्टी असल्या तर जमीन व्हर्टिसॉल. खुणा अर्धवट असतील तर ‘व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट’, म्हणजे त्या वाटेवरची जमीन. माझा अंदाज, तुमच्या शेजाऱ्याकडे असं काही निघेल आणि तुमच्याकडे ५० सेंटिमीटरच्या आत मुरूम लागेल. मीटरभर चिकण माती १५० मिलिमीटर पाणी धरते, अर्धा मीटर त्याच्या निम्मं. थंडीत वालाची तहान कमी असते, म्हणून शेजाऱ्याचा वाल त्या पाण्यावर फेब्रुवारी गाठतो.

तुम्हाला दोन गोष्टी करता येतील. निमगरव्या (मध्यम मुदतीच्या) भाताऐवजी हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात घेऊन खाचर लवकर मोकळं करा, आणि कापणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, ओल वर असताना वाल टोचा. त्या जमिनीत आठ-दहा दिवसांचा उशीर म्हणजे अख्खं पीक. शेततळ्यातून फुलोऱ्यात एक पाणी देता आलं तर प्रश्नच मिटला. खड्डा पाहून झाला की लगेच बुजवा, रात्री गुरं पडतात.

कुणी तुम्हाला जिल्ह्याचा माती नकाशा दाखवून ‘तुमच्या गावाची जमीन अमुक प्रकारची’ असं सांगेल. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोने राज्याचे जे माती नकाशे केले, ते १ : २,५०,००० या प्रमाणावर. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. एका चौरस सेंटिमीटरात ६२५ हेक्टर मावतात. नकाशा भागाची ओळख करून देतो, तुमच्या खाचराची नाही. गावपातळीचं १ : १०,००० चं सर्वेक्षण झालं असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. ते नक्की मागून घ्या.

खारबावच्या काकांना थोडक्यात पण आग्रहाने सांगतो. नमुना कधी घेतला ते आधी पाहा. पावसानंतर घेतला असेल तर क्षार धुऊन गेलेले असतात, आणि मेमध्ये तेच जमिनीवर पांढरे फुटतात. दुसरं, प्रयोगशाळेत माती बऱ्याच पाण्यात ढवळून क्षारता मोजतात, त्यामुळे आकडा लहान दिसतो. संपृक्त अर्कात, म्हणजे माती पाण्याने फक्त चिंब करून तिच्यातून काढलेल्या पाण्यात मोजून घ्या, तिथे ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेला की जमीन क्षारयुक्त. मेमध्ये एक नमुना आणि ऑगस्टमध्ये एक, दोन्ही ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे वेगवेगळ्या पिशव्यांत आणा. विनिमययोग्य सोडियमही, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियमही तपासायला सांगा. ते १५ टक्क्यांच्या वर आणि वर्षातला बराच काळ पाणी उभं, अशी जमीन ‘हॅलाक्वेप्ट’, म्हणजे सोडियमवाल्या पाणथळ मातीच्या गटात जाते. सामू ८.५ च्या आत असेल तर हा अहवाल हाती येईपर्यंत जिप्समवर पैसा घालू नका.

तोवर खारबांधाच्या उघाडीची (पाणी बाहेर सोडायच्या दाराची) झडप तपासा. भरतीचं पाणी आत येत असेल तर बाकी सगळं व्यर्थ. पहिल्या जोरदार सरींचं पाणी खाचरात भरून, ढवळून, ओहोटीला सोडून द्या, असं दोन-तीनदा करा आणि मगच लावणी करा. बियाणं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या क्षारसहनशील वाणांचं, पनवेल १, २ किंवा ३ यांपैकी जे मिळेल ते. रोपं नेहमीपेक्षा थोडी जून वापरा आणि एका चुडात एक-दोन रोपं जास्त लावा.

मेचा नमुना यंदा हुकू देऊ नका. पिशवीवर गट क्रमांक, खोली आणि तारीख पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पुसते.